स्क्रू होता तिथे ने

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमा

चि. बाळ्यास, मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सात-आठ वेळा "हो मामा, कळलं मामा" केलंस, तेव्हाच ओळखलं की तुझं अर्धं लक्ष समोरच्या गिऱ्हाइकाकडे आहे. म्हणून लिहून पाठवतोय. निवांत वाच आणि गॅरेजातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटव. बाहेरून नको, लोक वाचतील.

तुझी तक्रार मी समजलो ती अशी. जुनी ऑल्टो, इंजिन तापल्यावरही रेस उतरत नाही, स्कॅनरवर १५०० आरपीएम दिसतात. तू थ्रॉटल बॉडी धुतलीस. आयडलचा व्हॉल्व्ह नवा घातलास. तरी फरक नाही. मग थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून रेस ९०० वर आणलीस, मालक खूश होऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला, की गाडी सिग्नलला बंद पडते.

रागावत नाही. तो स्क्रू मीही फिरवला आहे.

१९९४ साल. मारुती मंदिराजवळ वस्तादांच्या हाताखाली मी होतो, आणि मारुतीचा कार्बोरेटर आपल्याला पाठ आहे असा माज होता. एक गाडी आली, रेस जास्त. मी बोनेट उघडलं, स्लोचा स्क्रू अर्धा फेरा सोडला, आवाज खाली आला, दहा रुपये घेतले. अॅक्सिलरेटरच्या केबलला बोटसुद्धा लावलं नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने ती आतून गंजली होती, तिचे चार पदर तुटून नळीत अडकत होते, आणि रेस वाढायचं कारण तेच होतं. आठवड्याने तो माणूस कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरत होता. साखरप्याच्या अलीकडे त्याने पाय काढला, तरी गाडीने ओढ सोडली नाही. गडी शहाणा, न्यूट्रल करून चावी बंद केली आणि हँडब्रेकवर गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. दुसऱ्या दिवशी तो एसटीने गॅरेजात आला. शिव्या दिल्या नाहीत. तुटकी केबल माझ्या समोरच्या बाकावर ठेवली आणि चहा न घेता गेला. वस्ताद त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तुझ्या गाडीत तर स्क्रू फिरवण्याचं पाप दुप्पट आहे. कार्बोरेटरच्या गाडीत तो स्क्रू मिस्त्रीसाठीच ठेवलेला असायचा. इंजेक्शनच्या गाडीत तो कारखान्यात बसवून वर रंगाचा ठिपका देतात. थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटली हे कॉम्प्युटरला कळलं, तरच तो आयडल सांभाळायचं काम हातात घेतो. तू पाकळीची जागाच हलवलीस, आता मिटलेल्या पाकळीचा त्याचा हिशेबच चुकतो. म्हणून गाडी बंद पडते. तेव्हा बाकी काही करण्याआधी स्क्रू होता तिथे ने. रंगाची खूण जुळव. खूण पुसली गेली असेल तर तशीच दुसरी ऑल्टो शोध आणि पाकळी मिटलेली असताना तिचा थ्रॉटल सेन्सर किती व्होल्ट देतो ते मोजून तेवढे आण.

आता मूळ गोष्ट. पेट्रोल इंजिनाची रेस वाढते म्हणजे त्याला हवा जास्त मिळते आहे. पेट्रोल हवेच्या मागून येतं. ऑल्टोत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर आहे. कुठून चोरून हवा शिरली की तिथला दाब वाढतो, कॉम्प्युटर समजतो हवा भरपूर आहे, आणि तेवढं पेट्रोल सोडतो. म्हणून या गाड्यांत पाइप फाटला की रेस चढते. ज्या गाड्यांत फिल्टरपाशी हवा मोजतात तिथे तीच फाटलेली नळी बहुधा वेगळं रूप दाखवते: चोरटी हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन थरथरतं. आजार एक, लक्षणं दोन. कुठल्या गाडीत काय आहे हे ठाऊक नसेल तर आधी ते बघ.

हवा कुठून येते हे शोधायला मशीन लागत नाही. इंजिन चालू ठेव, फिल्टरचा पाइप थ्रॉटल बॉडीपासून सोडव आणि त्या उघड्या तोंडावर तळहात दाबून धर. अंगठी काढ आणि पंख्यापासून बाही जप. पीसीव्हीची नळी आधी पकडीने दाबून ठेव, नाहीतर इंजिन तिच्यातून श्वास घेत राहील आणि तू फसशील. हाताला जोराची ओढ लागेल, इंजिन घुसमटेल आणि एक-दोन सेकंदांत मरायला हवं. मेलं, तर हवा थ्रॉटलमधूनच येत होती. तळहाताखाली तोंड बंद असूनही फुरफुरत चालू राहिलं, तर पुढे कुठेतरी भोक आहे.

भोक असेल तर एकेक नळी पकडीने चिमटत जा, पकडीच्या दातांना कापड गुंडाळून. जी चिमटल्यावर रेस खाली येते ती चोर. ब्रेक बूस्टरची नळी असेल तर ब्रेकही कडक लागतो, तेव्हा मालकाला ते विचार. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बोनेटखाली शिरतात आणि रबर कुरतडतात. मागच्या आषाढात माझ्याकडे आलेल्या एका गाडीत नळीला करंगळी जाईल एवढं भोक होतं आणि शेजारी अर्धी सुपारी. मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा संशय आला तर न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फवाऱ्याची बाटली घे आणि जोडावर थोडं थोडं मार. आवाज क्षणभर बदलला तर जागा सापडली. कॉइल आणि वायरींवर पाणी नको. काही पोरं तिथे पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारतात. जवळच सायलेन्सरची तापलेली नळी असते, गाडीसकट गॅरेज पेटेल. तू मारलेलं मला कळलं तर चिपळूणला येऊन कान धरीन.

हात ठेवल्यावर इंजिन मेलं, तर प्रश्न वेगळा. पाकळी किंवा आयडलचा व्हॉल्व्ह उघडा कोणी ठेवला? आधी पॅडलखाली सरकलेली मॅट बघ. हसू नकोस, मॅट काढून मी पैसे न घेता परत पाठवलेली गाडी अजून माझ्याकडेच सर्व्हिसिंगला येते. मग केबल. केबल मोकळी असेल तर उघडा ठेवणारा कॉम्प्युटरच, आणि त्याच्याकडे त्याची कारणं असतात. एसी चालू असला की तो मुद्दाम रेस वाढवतो. इंजिन थंड असलं की वाढवतो.

इथे गेल्या महिन्यातली भाट्याची गाडी सांगतो. समुद्राच्या वाऱ्यात, सुरूच्या झाडांखाली वर्षानुवर्षं उभी असणारी. अर्धा तास चालवून आणली होती तरी रेस १४०० च्या खाली येईना. नळ्या ठीक, केबल ठीक, तळहात ठेवला की इंजिन लगेच मेलं. स्कॅनर लावला. कूलंटचं तापमान ३८ अंश. आणि रेडिएटरचा वरचा पाइप हाताला सोसवत नव्हता.

तिथेच आजार सापडला. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर गार असताना वीज जास्त अडवतो, तापल्यावर कमी. २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. कनेक्टर ओढला तर पितळी पिनांवर घासायचं राहिलेल्या तांब्यावर चढतो तसा हिरवा कळंक. त्या कळंकाने वाटेत हजार ओहम वाढवले होते. तीनशेचे तेराशे झाले, आणि तेराशे म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी कोमट इंजिन. गार इंजिनाला द्यायची ती रेस तो इमानेइतबारे देत होता. सेन्सर चांगला, व्हॉल्व्ह चांगला, कॉम्प्युटरही चांगला. नवा कनेक्टर जोडला, रेस ८५० ला येऊन बसली.

मालकाने विचारलं, "एवढ्याशा कनेक्टरचे एवढे पैसे?" आपल्याकडे लोक पार्टचे पैसे देतात, शोधल्याचे देत नाहीत, आणि म्हणूनच मिस्त्री पार्ट बदलत सुटतात. तू शोधल्याचे पैसे वेगळे सांगत जा, आणि गाडी उघडण्याआधी सांग. पहिले सहा महिने भांडणं होतील. त्या ऑल्टोवाल्याला मात्र व्हॉल्व्हचे पैसे परत कर. तुझ्या खिशातून जातील, जाऊ देत.

आणखी एक. तू थ्रॉटल धुतलास तेव्हा रेस आणखी वाढली का? काही गाड्यांत साठलेल्या काजळीमुळे अडलेली हवा भरून काढायला कॉम्प्युटर व्हॉल्व्ह जास्त उघडायला शिकलेला असतो. काजळी गेली तरी शिकलेलं लगेच जात नाही. स्कॅनरने ते पुसावं लागतं, नाहीतर गाडी थोडी चालू द्यावी लागते. तेवढ्यात घाबरून दुसरा पार्ट आणायला पळू नकोस.

ऑल्टो आज रात्रभर गॅरेजात उभी ठेव. सकाळी चावी फिरवायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघ. रात्रभर गार झालेल्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. हवा २६ आणि कूलंट १५ दाखवलं तर कनेक्टर ओढून बघ. सारखी असली तर इंजिन सुरू कर आणि तळहातापासून लाग. आकडे कागदावर लिहून मग मला फोन कर, "असं वाटतं" म्हणून नको.

भाट्याच्या गाडीचा कापलेला कनेक्टर चिपळूणच्या एसटीने पाठवतोय. कळंक कसा दिसतो ते एकदा डोळ्यांनी बघून ठेव. मामीने तुझ्या आईसाठी त्याच पिशवीत आमसुलं दिली आहेत, त्यांत मीठ आणि आंबट दोन्ही. पिशवी हातात आली की कनेक्टर आधी बाहेर काढ.

तुझा,
मामा