गोव्यातील युद्धकैद्यांची परतपाठवणी

युद्ध थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी धाडावे, असे १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते. मायदेशाने त्यांना कसे स्वीकारावे, याविषयी मात्र ते मौन बाळगते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात शरण आलेल्या तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिकांना या मौनाची झळ लागली. सालाझारची आज्ञा अखेरपर्यंत लढून मरण्याची होती. साहजिकच जिवंत परतणारा प्रत्येक सैनिक आज्ञाभंगाचा पुरावा ठरला. मे १९६२ मध्ये कराचीमार्गे ते लिस्बनला पोहोचले, तो स्वागताऐवजी लष्करी पोलिसांचा पहारा! गव्हर्नर-जनरल वासालो ई सिल्वा यांनी व्यर्थ रक्तपात टाळला होता. १९६३ मध्ये ते बडतर्फ झाले. त्यांचे लष्करी पद त्यांना परत मिळाले ते १९७४ च्या क्रांतीनंतर, सालाझारच्या मृत्यूला चार वर्षे लोटल्यावर.