उपजत हात आणि कमावलेला हात

१. ‘याच्या हातातच तबला आहे,’ असं कुणाबद्दल ऐकलं की मला हायसं वाटायचं. म्हणजे आपला हात चालत नाही यात आपला काय दोष? मामला जन्माचाच! चाळिशीत शिकायला बसलो तेव्हा ही सबब गाठीशी बांधूनच गेलो होतो. गुरुजींनी तिची दखलही घेतली नाही. म्हणाले, “तिरकिट वाजवा. विलंबितात.”

२. सावकाश वाजवणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. ‘ति’ मधल्या बोटाने, ‘र’ तर्जनीने, ‘कि’ डाव्या पंजाने, ‘ट’ पुन्हा उजव्याने. तर्जनी मुळातच दांडगट, त्यामुळे माझा ‘र’ बाकीच्या तिघांवर दादागिरी करायचा. द्रुत लयीत हे झाकून जातं, ठाय लयीत उघडं पडतं. बोटांचं बळ जन्मतःच कमीजास्त असतं. रियाजातला बराचसा वेळ हे जन्मजात वळण मोडण्यातच जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

३. रियाजाने आधी कान तयार होतो, हात मागाहून. त्यामुळे मधला काळ भलताच वाईट जातो. हात होता तिथेच असतो, पण त्याच्या चुका आता ऐकू येऊ लागतात. ‘आपल्यात उपजत काही नाहीच’ असं वाटून बरेच जण याच सुमाराला तबला गवसणीत घालत असावेत.

४. देणगी म्हटलं की झाकीर हुसेन आठवतात. पण ते तान्हे असताना वडिलांनी, म्हणजे अल्लारखाँसाहेबांनी, त्यांच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, हे त्यांनीच सांगितलेलं. याला देणगी म्हणायचं की तालीम? माझ्या कानात त्या वयात कुकरच्या शिट्ट्या पडल्या, असं म्हणून मी सुटू पाहतो. पण त्याच घरात फझल कुरेशी तबल्यावर आणि तौफिक कुरेशी जेंबेवर नावारूपाला आले. एकाच घरातले तिघे भाऊ, वाजवणं मात्र ज्याचं त्याचं वेगळं. घराला सगळं श्रेय द्यावं तर हेही आडवं येतं.

५. कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून गाणं हुबेहूब उचलत. तरीही १९३६च्या सुमारास त्यांना मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला ठेवलं गेलं. मला वाटतं, देणगीने त्यांना इतरांचं गाणं दिलं. स्वतःचं गाणं सापडायला आधी शिकावं लागलं. ज्याच्याकडे इतकं होतं तोही समोर बसून शिकला, म्हटल्यावर माझी सबब आणखीच लंगडी पडते.

६. मी मोठा तबलजी होणार नाही, हे कळायला शिकवणीची गरज नव्हती. उपजत कुवतीला मर्यादा असते, हेही मान्य. फक्त ती नेमकी कुठे आहे, हे वाजवल्याशिवाय कळत नाही. माझ्या बाबतीत आळसाची हद्द नेहमी आधी लागते, त्यामुळे कुवतीला बोल लावायची वेळ अजून आलेली नाही.