घरी घडविलेल्या विमानाचा पंख

दर्पण कॉलनीत राहणाऱ्यांना विमानाचा पंख काही नवा नाही. महाराजपुऱ्याच्या तळावर 1985 साली मिराज विमाने आली, तेव्हापासून त्यांचे त्रिकोणी पंख ग्वाल्हेरच्या गच्च्यांवरून झेपावताना आपण पाहत आहोत. परंतु त्या पंखाच्या पोटात काय असते आणि तो कसा घडतो, हे आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात मिराजचा नव्हे, तर एखाद्या गृहस्थाला आपल्या घरी, आपल्या हातांनी बांधता येईल अशा लहान विमानाच्या पंखाचा विचार करावयाचा आहे.

घरी विमान बांधणे ही कविकल्पना नव्हे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हे नोंदणीचिन्ह मिळाले आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. त्याच्याही फार आधी, कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आले व बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांनी एचटी-2 हे संपूर्ण धातूचे शिकाऊ विमान रचले. त्याचे पहिले उड्डाण 5 ऑगस्ट 1951 रोजी झाले. तेव्हा पत्र्याच्या पंखाशी मराठी माणसाची ओळख जुनीच आहे.

घरी बांधण्याचे दोन मार्ग आहेत. यादवांप्रमाणे सारे काही स्वतःच आखून, कापून, वाकवून करावयाचे, हा पहिला मार्ग. तो फार बिकट. दुसरा मार्ग जुळणी-संचाचा. अमेरिकेतील व्हॅन्स कंपनी 1973 पासून असे संच विकत आली असून तिच्या नमुन्यांची दहा हजारांहून अधिक विमाने हौशी लोकांनी बांधून उडविली आहेत. पेटीतून कापलेले पत्रे, भोके पाडलेल्या बरगड्या आणि बहुधा कारखान्यातच तयार झालेला मुख्य कणा येतो. म्हणून कोणी असे समजू नये की उरले ते केवळ मुलांच्या मेकॅनोचे काम. त्या कंपनीच्या आरव्ही-7 या दोन आसनी नमुन्याचा पंख आपण उदाहरणादाखल घेऊ.

प्रथम त्याच्यावर किती भार येतो ते पाहा. कसरती करताना या विमानाचे वजन 1,600 पौंड, म्हणजे सुमारे 726 किलो, इतकेच ठेवावयाचे असते. परंतु जोराने वळताना किंवा सूर मारून वर येताना पंखांना या वजनाच्या सहापट भार झेलता आला पाहिजे, असा हिशेब धरलेला आहे. म्हणजे सुमारे 4,350 किलो. त्यावर आणखी दीडपट सुरक्षेसाठी. एवढा भार जमिनीवर आजमावयाचा तर पंख उलटा बांधून त्यावर वाळूची पोती रचतात. चाळीस किलोचे एक पोते धरल्यास दोन्ही पंख मिळून दीडशेहून अधिक पोती होतील! आणि हा भार पेलणारा पत्रा जाडीने मिलिमीटरभरही नसतो.

हे साधते ते रचनेमुळे. घराचा छज्जा कसा भिंतीतून बाहेर आलेला असतो, तसा पंख विमानाच्या धडातून बाहेर येतो. फरक इतकाच की छज्ज्यावरचा भार खाली ओढतो आणि हवा पंखाला वर उचलते. छज्ज्याच्या सळ्या वरच्या अंगाला घालाव्या लागतात हे आपले गवंडी जाणतात. ज्याने त्या चुकून खाली घातल्या त्याचा छज्जा साचा काढताच बसतो. पंखाचे नेमके उलट: खालचे अंग ताणले जाते, वरचे दाबले जाते. हा ताण व दाब सोसण्यासाठी कण्याच्या वर आणि खाली जाड पट्ट्या असतात, मध्ये पातळ पत्र्याची भिंत असते. धडाजवळ भार सर्वांत अधिक म्हणून पट्ट्या तेथे जाड, आणि टोकाकडे त्या कमी कमी होत जातात. मागे दुसरा, हलका कणा. दोन्ही कण्यांना आडव्या बरगड्या. पतंगाच्या कामट्या कागदाला आकार देतात त्याप्रमाणे बरगड्या पत्र्याला फुगीर आकार देतात, आणि वरून चढविलेला पत्रा सर्वांना धरून पंखाला पिळू देत नाही.

आता प्रत्यक्ष काम. शिंपी जसा कपडा आधी कच्च्या टाक्यांनी जोडतो, अंगाला लावून पाहतो आणि मगच पक्की शिवण घालतो, अगदी तीच रीत येथे आहे. क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या लहान खिट्ट्या भोकाभोकांत बसवून सारा पंख तात्पुरता जोडावयाचा व भोके नेमक्या मापाची करून घ्यावयाची. मग सर्व पुन्हा सुटे करावयाचे! पुष्कळ नवशिक्यांना हा खुळेपणा वाटतो. पण ड्रिल फिरले की प्रत्येक भोकाच्या काठावर धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. तो हलक्या हाताने काढून टाकला नाही तर तेथूनच पुढे चीर सुरू होते. पत्र्याच्या कापलेल्या कडाही कानशीने व पॉलिश कागदाने गुळगुळीत कराव्या लागतात. त्यानंतर भोकाभोवती खळगा पाडावयाचा, म्हणजे रिव्हेटचे डोके पत्र्याशी सपाट बसेल. गंजरोधक रंगाचा हात द्यावयाचा. आणि मग पुन्हा जोडणी.

रिव्हेट मारणे हे तांबटाच्या कामासारखे कानाने व हाताने शिकण्याचे काम आहे. बाहेरून एकाने हवेच्या हातोड्याने ठोकावयाचे, आतून दुसऱ्याने पोलादी ठोकळा धरावयाचा. ठोकळा तिरपा धरला तर रिव्हेट एका अंगाला कलते. हातोडा घसरला तर पत्र्याला कायमचा खड्डा. नीट बसलेल्या रिव्हेटची आतली बाजू मूळ व्यासाच्या दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मी उंच असावी, असा ढोबळ नियम आहे. एखादे रिव्हेट किंचित वाकडे बसले तर ते काढावे की ठेवावे? माझ्या मते अनुभवी लोकांचा सल्ला येथे मानावा: काढताना भोक मोठे झाले तर थोड्या वाकड्या रिव्हेटपेक्षा ते अधिक घातक ठरते. सुंदर दिसण्याचा हव्यास या कामात फार महाग पडतो. आतला ठोकळा धरायला सडपातळ हाताचा माणूस लागतो, त्यामुळे कित्येक घरांत हे काम गृहिणीकडे किंवा मुलांकडे येते; आणि हात स्थिर असला तर ते पुरुषांपेक्षा सरसही होते.

आपल्या ग्वाल्हेरच्या हवेचा येथे विशेष विचार केला पाहिजे. ॲल्युमिनियम उष्णतेने बरेच पसरते. एका बाजूच्या पंखाची लांबी साधारण अकरा फूट धरली आणि जानेवारीतील पहाट व मे महिन्यातील दुपार यांत 40 अंशांचा फरक धरला, तर तेवढा पत्रा तीन मिलिमीटरने लांबतो. अर्थात सांगाडाही त्याच धातूचा असल्याने दोघे बरोबर पसरले तर काही बिघडत नाही. बिघडते ते पत्रा उन्हात तापलेला आणि सांगाडा सावलीत थंड असताना रिव्हेट मारले म्हणजे. मग गार झाल्यावर पत्रा आखडतो आणि सांगाड्याला ओढीत राहतो. म्हणून गच्चीवर काम करणाऱ्याने वर छप्पर घालावे, आणि पत्रा व सांगाडा रात्रभर एकत्र ठेवून सकाळच्या वेळी रिव्हेट मारावेत, हे उत्तम.

पत्रा बसविण्यापूर्वीची दुसरी काळजी पिळाची. या नमुन्याचा पंख मुळापासून टोकापर्यंत एकाच कोनात असावयास हवा. गवंड्याचा ओळंबा येथे कामी येतो. पंख मांडवावर उभा केल्यावर मुख्य कण्याच्या दोन्ही टोकांजवळ ओळंबे सोडतात आणि त्या दोऱ्यांपासून मागच्या कण्याचे अंतर मोजतात. मुळाशी व टोकाशी अंतर सारखे आले तर पंख सरळ. ते सारखे येईपर्यंत एकही पक्के रिव्हेट मारू नये. कारण पत्रा चढला की पेटी बंद झाली. त्यानंतर शिरलेला पीळ कितीही ठोकले तरी जात नाही, आणि ते विमान जन्मभर एका कुशीवर कलू पाहते.

पंखाच्या पुढच्या भागात पेट्रोलची टाकी असते. या नमुन्यात प्रत्येक बाजूस सुमारे 79 लिटर. तिचा प्रत्येक सांधा व प्रत्येक रिव्हेट चिकट, उग्र वासाच्या लुकणाने बंद करावा लागतो. कालवल्यापासून दोनेक तासांत ते घट्ट होते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, म्हणून थोडे थोडेच कालवावे. गळती पाहण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. टाकीची तोंडे बंद करून एका नळीला मुलांचा फुगा बांधतात, आत बेताची हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा आला तेथे गळती. मात्र सकाळी फुगा मऊ पडलेला दिसला म्हणून लगेच घाबरून जाऊ नये. रात्री हवा थंड होऊन आखडते. त्याच तापमानाला पुन्हा पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

आता या साऱ्या विषयातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. खालचा पत्रा अखेरीस बसवितात. तो बसला की आतील कोणतेही रिव्हेट, कोणतीही बरगडी सहजासहजी पुन्हा दिसणार नाही. म्हणूनच अमेरिकेत 1953 साली स्थापन झालेल्या हौशी विमान-बांधणाऱ्यांच्या संघाचे सल्लागार पंख बंद होण्यापूर्वी येऊन पाहून जातात; इंग्लंडात तर टप्प्याटप्प्यावर तपासनीसाची सही लागते. बांधणाऱ्याचे स्वतःचे डोळे येथे पुरत नाहीत. महिनोन्महिने तोच सांगाडा पाहून त्याला त्यातील वैगुण्य दिसेनासे होते. आपल्या देशात अशा बांधणाऱ्यांची संख्या मूठभर आणि शेजारी अनुभवी माणूस मिळणे दुर्लभ, ही येथील खरी अडचण आहे. पैसा आणि हत्यारे यांची अडचण त्यापुढे लहान. निदान पत्रा मिटण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे काढून ठेवावीत व या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या यंत्रज्ञाला दाखवावीत.

ही काळजी संच घेणाऱ्यालाही चुकत नाही, हे अलीकडेच दिसून आले. व्हॅन्स कंपनीने काही काळ भोके ठशाने पाडण्याऐवजी लेसर किरणांनी कापून घेतली. अशा भोकांना खळगा पाडताना काहींच्या काठावर बारीक चिरा पडू लागल्या. ते भाग 2022 आणि 2023 मध्ये पुष्कळ घरांत पोचले होते व कित्येकांनी ते बसवूनही टाकले होते. भाग बदलून देण्याचा बोजा व इतर अडचणी यांमुळे डिसेंबर 2023 मध्ये कंपनीला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. 2024 मध्ये ती त्यातून बाहेर पडली. त्या चिरा प्रथम दिसल्या त्या आपल्या पत्र्याचा काठ भिंगाखाली धरून पाहणाऱ्यांना. ज्यांचे पंख अजून उघडे होते त्यांचे काम भाग बदलण्यावर भागले. ज्यांचे बंद झाले होते त्यांच्यापुढे पक्की रिव्हेट ड्रिलने काढून पंख पुन्हा उघडावयाचा की तसाच ठेवावयाचा, हा प्रश्न उभा राहिला.

राहिली पंख धडाला जोडण्याची गोष्ट. कण्याचे मूळ धडातील तुळईत शिरते आणि थोड्या पण फार नेमक्या मापाच्या बोल्टांनी बसते. भोकात बोल्ट किंचितही सैल असता कामा नये. हा सांधा सुटणारा असतो हे बांधणाऱ्याच्या सोयीचेच आहे, कारण अकरा फूट लांब व जवळजवळ पाच फूट रुंद असा एकेक पंख खोलीत मावेल, परंतु जोडलेले विमान कोणत्याही जिन्यावरून उतरणार नाही. पहिला पत्रा कापण्यापूर्वी दार, जिना व गच्चीचा कठडा यांची मापे घेऊन ठेवावीत. चारकोपच्या गच्चीवरील विमानही 2016 मध्ये भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले होते.