कोरोमंडल किनाऱ्यावरील हिवाळी पाऊस आणि वादळे

भारताच्या बहुतेक भागांत दिवाळीच्या सुमारास पावसाळा सरलेला असतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र तेव्हाच खरा पावसाळा सुरू होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम घाट ओलांडून पूर्वेकडे उतरतात, तेव्हा त्यांत फारसे बाष्प उरलेले नसते. त्यामुळे हा किनारा पर्जन्यछायेत राहतो. ऑक्टोबरमध्ये वाऱ्यांची दिशा पालटते. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरील बाष्प घेऊन किनाऱ्यावर येतात. तमिळनाडूला वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच मिळतो.

या पावसाचा मोठा वाटा उपसागरातील कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे घेऊन येतात. ती आली नाहीत, तर तळी कोरडी राहतात. जोराने आली, तर हाहाकार उडतो. ज्याच्यावर शेती अवलंबून, त्याच्यापासूनच भय, अशी या प्रदेशाची स्थिती आहे.

वादळातील वारा समुद्राचे पाणी जमिनीकडे रेटतो. समुद्र उथळ असेल, तर ते पाणी फुगून किनाऱ्यावर चढते. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री रामेश्वरम बेटावरील धनुष्कोडी गाव अशाच लाटांनी उद्ध्वस्त केले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी उतारूंसह समुद्राने गिळली. पांबनच्या रेल्वेपुलाची दुरुस्ती 46 दिवसांत झाली. धनुष्कोडी मात्र पूर्ववत वसले नाही. नोव्हेंबर 1977 मध्ये याच किनाऱ्याच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशातील कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात सुमारे 10,000 माणसे दगावली.

पुढे उपग्रह, रडार आणि निवारागृहे यांमुळे वादळातील प्राणहानी पुष्कळ घटली. अतिवृष्टीचे संकट मात्र टळलेले नाही. 2 डिसेंबर 2015 च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत चेन्नईजवळील तांबरम येथे सुमारे 49 सेंटिमीटर पाऊस झाला. काठोकाठ भरलेल्या चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले, अड्यार नदी पात्राबाहेर पडली आणि विमानतळ काही दिवस बंद राहिला. डिसेंबर 2023 मध्ये तूतुकुडी जिल्ह्यातील कायलपट्टिनम येथे एका दिवसात सुमारे 95 सेंटिमीटर पाऊस कोसळला. एवढा पाऊस त्या जिल्ह्यात एरवी संपूर्ण वर्षातही पडत नाही.

पूर्वजांनी या लहरी पावसावर एक उपाय योजला होता. मातीचे बांध घालून त्यांनी ‘एरी’ नावाची हजारो तळी निर्माण केली. एक तळे भरले, की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात जाई. त्यामुळे पुराचा वेग मंदावे आणि उन्हाळ्यासाठी साठाही होई. शहरे वाढली, तशी कित्येक तळी बुजली आणि पाणथळ जागांवर इमारती उभ्या राहिल्या. पाण्याची वाट मात्र जमिनीच्या उताराने ठरते. ती अडवली, की तेच पाणी घरांत शिरते. आणि साठा न राहिल्याने 2019 च्या उन्हाळ्यात ज्याप्रमाणे चेन्नईचे जलाशय आटले, त्याप्रमाणे टंचाईही ओढवते. पूर आणि टंचाई यांवरील उपाय म्हणूनच वेगवेगळे नाहीत.