उष्ण हवेची वाट

नवी मुंबईतील सीवूड्स हे खाडीकाठचे उपनगर होय. नवे शहर वसविण्यासाठी १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली आणि पुढे दारावे, करावे या जुन्या गावांच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. येथे हिवाळ्यातही घर तापवावे लागत नाही. परंतु एप्रिल-मे महिन्यांत सूर्य मावळून दोन-तीन तास लोटले, तरी सर्वांत वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांचा जीव कासावीस होतो. बाहेर वारा सुटलेला असतो. घरात मात्र उकाडा कायम. वृद्ध, तान्ही मुले व आजारी माणसे यांना तो नुसता त्रासदायक नव्हे, तर अपायकारकही ठरतो. असे का व्हावे?

हवा तापली की प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. जुन्या घरबांधणीत या नियमाची जाण दिसते. कोकणातील कौलारू घरांत कौलांच्या फटींतून उष्ण हवा निसटून जाई. देशावरील धाब्याच्या घरांत छताला सवणे ठेवीत. त्यातून उजेड आत येई व धूर बाहेर जाई. आजच्या सदनिकेत खिडकी साधारणतः सात फुटांवर संपते आणि छत साडेनऊ फुटांवर असते. मधल्या अडीच फुटांत चढलेल्या हवेला वाटच नसते. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीत अशी जवळजवळ दहा किलो हवा माणसांच्या डोक्यावर साचून राहते!

थंड देशांत हीच हवा मोलाची मानतात. छताचा पंखा उलट दिशेने सावकाश फिरवून ती खाली आणतात व इंधन वाचवितात. तेथे जिला राखावयाचे, तिला येथे निरोप द्यावयाचा, एवढाच काय तो फरक.

मात्र हवा एकदा बाहेर घालविली म्हणजे काम संपले, असे नाही. काँक्रीटचे छत दिवसभर उष्णता साठविते आणि रात्री ती सावकाश सोडते. समान आकारमानाच्या हवेपेक्षा काँक्रीटमध्ये दीड हजार पटींहून अधिक उष्णता मावते. म्हणून वारा घटकाभर नव्हे, रात्रभर खेळता राहिला पाहिजे. नुसता छताचा पंखा लावल्याने खोली थंड होत नाही. तो अंगावरचा घाम वाळवितो आणि वरची उष्ण हवा खाली ढवळतो.

सीवूड्समध्ये आणखी एक पेच आहे. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा पश्चिमेचा, आणि तापदायक ऊनही पश्चिमेचेच. उन्हाच्या भीतीने खिडकी बंद केली, तर वाराही अडतो. यावर उपाय म्हणजे खिडकीच्या बाहेरच्या बाजूस सज्जा किंवा बांबूची चिक असावी. ऊन काचेवर पडण्याआधीच अडते व वाऱ्याला वाट राहते. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिल्यास छतही कमी तापते.

बाहेरची हवा घरातल्या हवेहून थंड झाली, की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. वारा पडला असेल, तर एका खिडकीत टेबलपंखा बाहेर तोंड करून ठेवावा. दुसरी खिडकी मात्र उघडी हवी. हवा आत आल्यावाचून बाहेर जात नाही.

साधा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालताना सुमारे १५०० वॉट. शिवाय ते यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. आपल्या खोलीतील उचलून शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर टाकते. आजाऱ्याला त्याची गरज भासली, तर ते अवश्य लावावे. परंतु आधी ऊन अडवावे, मग वाऱ्याला वाट द्यावी आणि शेवटी यंत्राकडे वळावे, हाच शहाणपणाचा क्रम होय.

स्वाध्याय
१. वरच्या मजल्यावर रात्रीही उकाडा का जाणवतो?
२. तुमच्या घरात वारा कोठून येतो व कोठून जातो, याचे निरीक्षण करून आठ ओळी लिहा.