तांबी, जंतू आणि पहिले वीस दिवस

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब आटोपला की दबक्या आवाजात एक प्रश्न निघतोच. "तांबी बसवली की पिशवी सडते म्हणतात, खरं काय?"

तांबी म्हणजे कॉपर-टी. सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. ३८० ए ही १० वर्षं चालते, ३७५ ही ५ वर्षं. हा आकडा तिच्यावर किती चौरस मिलिमीटर तांबं आहे त्याचा.

हे तांबं पिशवीत अगदी थोडं थोडं विरघळत राहतं. पायात काटा रुतला की ती जागा लाल होते ना? शरीराचे राखणदार, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, तिथं धावून येतात. पिशवीतही तसंच होतं. त्या पेशी आणि तांबं मिळून पुरुषबीज निकामी करतात, म्हणून गर्भ राहत नाही. ही सूज जंतूंची नव्हे. ती पिशवीपुरतीच असते, अंगातली प्रतिकारशक्ती तिच्यानं घटत नाही. तांबी काढली की पुन्हा दिवस राहू शकतात.

मग जंतू येतात कुठून? बसवताना आधीच अंगावर संसर्ग असेल, तर खालचे जंतू तांबीबरोबर वर पिशवीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं जवळपास २३ हजार वेळा बसवलेल्या तांबीची माहिती तपासली, ती १९९२ साली छापून आली. पहिल्या २० दिवसांत संसर्गाचा धोका नंतरच्यापेक्षा सहापट होता. पुढे तो अगदी कमी झाला. म्हणून वास येणारं, पिवळट पांढरं जात असेल तर लाजू नका, तांबी बसवण्याआधीच सांगा. आधी उपचार, मग तांबी.

रोवणीला बांधीत, चिखलात उभं राहिल्यानं जंतू पिशवीत चढत नाहीत. अडचण वेगळीच आहे. तुमसर असो की लाखांदूर, त्या दिवसांत दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवय. तांबीनंतर ओटीपोटात सारखं दुखलं, थंडी-ताप आला, घाण वास येऊ लागला, तर मजुरी बुडाली तरी चालेल, त्याच दिवशी आशाताईला घेऊन आरोग्य केंद्रात जा. संसर्ग अंगावर काढला तर गर्भनळ्या बंद होऊन पुढे मूल राहणं अवघड होतं. बहुतेक वेळा तांबी तशीच ठेवून औषधानं बरं वाटतं. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टर ती काढतात. रोग संबंधातून लागला असेल तर नवऱ्यानंही औषध घ्यायलाच हवं. असले रोग तांबी अडवत नाही, ते काम निरोधचं.

पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं, कळा येतात. तो संसर्ग नव्हे, पण आधीच रक्त कमी असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. तांबीचं कार्ड बचतीच्या पासबुकातच ठेवा, बसवल्याची तारीख त्यावर लिहिलेली असते.