शेकोटीत जळणारं खत

डिसेंबर उजाडला की मांजरीची थंडी सगळ्यात आधी आपल्या हॉस्टेलवर हजेरी लावते. पुण्याचा नीचांक १.७ अंश सेल्सिअस, तो १७ जानेवारी १९३५ चा. तेवढा गारठा आपल्या वाट्याला येत नाही. पण पहाटे बादलीत हात घालणाऱ्याला हे सांगून काय उपयोग? मग गेटजवळ वॉचमनमामांची शेकोटी पेटते आणि सबमिशन अर्धवट टाकून आपण तिथे जमतो.

गेल्या हिवाळ्यात या शेकोटीत आवारातला झाडलेला पाला जायचा. एका रात्री तो धूर आमच्या खिडकीतून आत आला. माझ्या रूम पार्टनरला दमा आहे. इनहेलर घेऊनही त्याने ती रात्र उशाला टेकून, बसूनच काढली. सकाळी मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बंद करतो बाळा. पण एवढ्या पाल्याचं काय करू? आणि माझ्या थंडीचं काय?" दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरं शोधताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

धूर वर का जात नाही?

निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्या लगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार, असा उलटा थर तयार होतो. गार हवा जड, त्यामुळे धूर या झाकणाखाली कोंडतो आणि ऊन तापेपर्यंत तिथेच रेंगाळतो. शिवाय पाला दमट असला की नीट पेटत नाही, नुसता धुमसतो.

जळणं आणि कुजणं

रसायनशास्त्राच्या नजरेने दोन्ही एकच: कार्बन अधिक ऑक्सिजन, बाहेर पडते उष्णता. फरक वेगाचा. १० किलो वाळल्या पाल्यात साधारण १५० मेगाज्यूल ऊर्जा असते. १५ लिटरची बादली २० वरून ४५ अंशांवर न्यायला लागतात सुमारे १.६ मेगाज्यूल. म्हणजे नव्वदेक बादल्यांची ऊर्जा! पण उघड्या शेकोटीत बहुतेक उष्णता आभाळात जाते. आपलं तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते.

पाल्यातला नत्रही बहुतांश हवेत जातो. राखेत उरतं ते पालाश आणि चुना. राख अल्कधर्मी असते आणि आपल्याकडची काळी माती बऱ्याचदा आधीच तशी, त्यामुळे राख मूठभरच वापरावी.

हाच हिशेब उसाच्या पाचटाला लावून पाहा. तोडणी हिवाळ्यातच चालते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र. ९ टन पाचट पेटवलं तर जवळजवळ ४५ किलो नत्र, म्हणजे सुमारे १०० किलो युरिया, पेटवून दिल्यासारखं!

ढीग कसा रचायचा?

जिवाणूंना कार्बन लागतो ऊर्जेसाठी आणि नत्र शरीर बांधण्यासाठी. कार्बन-नत्राचं प्रमाण ३० च्या आसपास असलं की काम जोरात चालतं. वाळल्या पाल्यात ते ६० च्या घरात, भाजीच्या सालीत १५ च्या. १० किलो पाल्यात कार्बन ४.५ किलो, नत्र ७५ ग्रॅम. मेसच्या २५ किलो ओल्या सालीत कार्बन १.५ किलो, नत्र १०० ग्रॅम. बेरीज ६ किलो भागिले १७५ ग्रॅम, म्हणजे ३४. जमलं की!

खाली काटक्यांचा वीतभर थर. वर पाला, साली, पातळ शेण असे थर. ओलावा इतका, की मूठभर माल दाबला तर थेंब-दोन थेंबच गळावेत. ढीग लांबी, रुंदी, उंचीने किमान एकेक मीटर हवा. छोट्या ढिगाचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने जास्त, त्यामुळे तो थंडीत तापतच नाही. वरून गोणपाट टाका आणि दर आठ-दहा दिवसांनी ढीग उलथा.

थर्मामीटर नको. वर्कशॉपमधली लोखंडी सळई मध्यभागी खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला, तर आत ५५ ते ६५ अंश आहेत समजा. सळई गार निघाली तर साली, शेण किंवा पाणी कमी पडलंय. कुबट वास आला तर ओल जास्त झाली; पाला घालून उलथा. तेलकट उरलंसुरलं आणि हाडं टाकू नका, उंदीर येतात.

यात नवीन काही नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अशीच पद्धत बसवली. उलथायचा कंटाळा असेल तर आपल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची नाडेप टाकी आहेच. विटांच्या भिंतीत ठेवलेल्या भोकांतून हवा आपोआप खेळते.

मग शेकोटी बंद?

मुळीच नाही. रात्रभर थंडीत बसणाऱ्या माणसाला उपदेश पांघरता येत नाही. मामांना आम्ही वर्गणी काढून बाभळीची वाळलेली लाकडं आणून दिली. घमेल्यात दोन-तीन ढलप्या पुरतात, धूरही बेताचा. एक मात्र लक्षात ठेवा: निखाऱ्यांचं घमेलं बंद केबिनमध्ये किंवा खोलीत कधीही न्यायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. आणि कागद, प्लॅस्टिक, पाला शेकोटीत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि मांजरी बुद्रुक २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे.

मार्गशीर्षात रचलेला आमचा ढीग पाडव्यापर्यंत काळाभोर, भुसभुशीत झाला. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. जूनमध्ये तो मेसमागच्या कढीपत्त्याला घातला. यंदा ढिगात सळई मामाच खुपसतात आणि चटका बसला की आम्हाला हाक मारतात. रूम पार्टनरही खुर्ची घेऊन शेकोटीला येतो. तुम्हीही या. येताना तेवढा पाला मात्र ढिगावर टाकून या!